पात्राचे मरण आणि पुराव्याचा प्रश्न

एल. सी. नाइट्स यांनी १९३३ मध्ये ‘लेडी मॅक्‌बेथला मुले किती?’ असा उपहासगर्भ मथळा देऊन एक निबंध प्रसिद्ध केला. ए. सी. ब्रॅडली यांच्या वळणाचे समीक्षक नाटकातील पात्रांना संहितेबाहेरचे आयुष्य बहाल करतात, त्यांच्या पूर्वायुष्याची आणि भवितव्याची चौकशी करीत बसतात, आणि त्या नादात प्रत्यक्ष समोर असलेल्या काव्यरचनेकडे त्यांचे दुर्लक्ष होते, असा त्या निबंधाचा रोख होता. पात्र म्हणजे शब्दांची एक व्यवस्था असते, शेवटच्या पानानंतर तिला काहीही घडत नाही, हे सूत्र आता पदव्युत्तर अभ्यासक्रमात इतके रुळले आहे की त्याची फेरतपासणी करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. मीही ते गेली अनेक वर्षे शिकवीत आले आहे. ज्या वादाविषयी मी येथे लिहिणार आहे, तो या सूत्रानुसार उद्भवायलाच नको. तरीही तो गेली साडेतीन दशके चालू आहे, आणि तो घालणारे लोक भाबडे नाहीत.

हा वाद एका जपानी चित्रमालिकेविषयी आहे. योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेली ‘मोबाइल सूट गंडम’ ही मालिका एप्रिल १९७९ ते जानेवारी १९८० या काळात जपानी दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. प्रेक्षक मिळेनात, म्हणून बावन्न भागांची योजना त्रेचाळीस भागांवर आटोपती घ्यावी लागली. पुनःप्रक्षेपण, १९८० पासून विकली जाऊ लागलेली यंत्रमानवांची प्लॅस्टिकची जुळणी-खेळणी आणि १९८१-८२ मधील तीन चित्रपट यांमुळे तिला दुसरा जन्म मिळाला, आणि तेव्हापासून ती थांबलेली नाही. पृथ्वीचे संघराज्य आणि अंतराळातील वसाहतींतून उभे राहिलेले झिऑन यांच्यातील युद्ध हा तिचा विषय आहे. दोन्ही बाजूंना माणसे आहेत आणि दोन्ही बाजूंची माणसे मरतात. संघराज्याच्या बाजूचा आमुरो रे हा घटनाक्रमाने सैनिक झालेला मुलगा, आणि झिऑनच्या बाजूचा मुखवटाधारी शार अझ्नाबल, या दोघांचे वैर हा तिचा कणा आहे.

मार्च १९८८ मध्ये आलेल्या चित्रपटात या वैराचा शेवट होतो. अ‍ॅक्सिस नावाचा प्रचंड पाषाणखंड पृथ्वीवर पाडण्याचा घाट शारने घातलेला असतो. पराभूत शारची कुपी आमुरो आपल्या यंत्राच्या मुठीत धरून त्या खडकावर दाबतो आणि एकट्याच्या बळावर खडक मागे रेटू लागतो. शत्रू-मित्र दोन्ही बाजूंची यंत्रे त्याच्या मदतीला धावतात, एक अनाकलनीय प्रकाश उसळतो, आणि खडक आपली वाट बदलतो. त्यानंतर हे दोघे दिसत नाहीत. त्यांचे देह दाखवलेले नाहीत. ते मेले असे कोणी उच्चारतही नाही.

चाहत्यांचा वाद येथून सुरू होतो. ते दोघे गेले असे एक पक्ष म्हणतो. ते बेपत्ता आहेत, याहून अधिक काही म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे दुसरा पक्ष म्हणतो. दुसऱ्या पक्षापाशी एक भक्कम पूर्वोदाहरण आहे. फेब्रुवारी १९८६ मध्ये संपलेल्या ‘झीटा गंडम’ या मालिकेच्या शेवटी शारचे मोडलेले यंत्र अवकाशात तरंगताना दिसते आणि त्याचे चालककक्ष रिकामे असते. पुढच्या मालिकेत तो कोठेच नाही. १९८८ च्या चित्रपटात मात्र तो एका सेनेचा नेता म्हणून परत येतो. एकदा बेपत्ता होऊन परतलेल्या माणसाला दुसऱ्यांदा मृत ठरवताना अधिक पुरावा मागावा, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

पदव्युत्तर वर्गातील दोन विद्यार्थ्यांमुळे मी या मालिकेकडे वळले. त्यांचे भांडण ऐकत असताना माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. शारचा स्वभाव कसा होता, त्याला काय वाटले असेल, या ब्रॅडलीछाप प्रश्नांवर त्यांचा भर नव्हता. कोणता पुरावा ग्राह्य धरायचा, यावर ते भांडत होते. आपल्या दर्शनपरंपरेची भाषा वापरायची तर तो प्रमाणांविषयीचा वाद होता, आणि त्याच्या केंद्रस्थानी अनुपलब्धी होती. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाण मानतात: जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तेथे घट नाही. परंतु अट अशी, की घट असता तर तो दिसला असता. काळोखात घट न दिसणे हा घट नसल्याचा पुरावा होत नाही. ‘शार जिवंत असता तर त्याच्यासारखा माणूस गप्प बसला नसता, तो गप्प आहे, म्हणून तो नाही’ असे पहिला विद्यार्थी म्हणत होता. ‘पडद्यावर जे दाखवले नाही तो काळोख आहे, काळोखावरून निष्कर्ष काढता येत नाही’ असे दुसरा म्हणत होता. योग्यानुपलब्धीची ही चर्चा त्या दोघांनीही कोठे वाचलेली नव्हती.

उरते शब्दप्रमाण, म्हणजे कर्त्याचा शब्द. येथे तर पंचाईत अधिकच वाढते. १९७९ ते १९८१ या काळात तोमिनो यांनी मूळ मालिकेचे तीन खंडांत कादंबरीरूप लिहिले. त्यात आमुरो युद्ध संपण्यापूर्वीच मारला जातो. पडद्यावर तो वाचला म्हणून १९८८ चा चित्रपट शक्य झाला. ‘झीटा’चा नायक कामीय १९८६ मध्ये शेवटच्या लढाईत मनाने उद्ध्वस्त होतो, त्याच कथेच्या २००५-०६ मधील चित्रपटावृत्तीत त्याच दिग्दर्शकाने त्याला शाबूत ठेवले आहे. रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. या वादातील लेखक मात्र मेलेला नाही; तो परस्परविरोधी जबान्या देणारा साक्षीदार आहे. अशा साक्षीदाराला न्यायालय बाद करीत नाही. त्याच्या प्रत्येक जबानीचे वजन वेगवेगळे करते. चाहते नेमके हेच करतात. कोणती आवृत्ती मुख्य, कोणती पाठभेद, कोणती प्रक्षिप्त, याविषयी त्यांची जी काटेकोर मते असतात, ती पाहून पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला परकेपणा वाटू नये.

पण पाठचिकित्सेने या वादाची रीत कळते, त्यातली कळ समजत नाही. ती मला मराठी बखरी शिकवताना समजली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. शुजाउद्दौलाच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने फारसीत लिहिलेल्या वृत्तान्तात भाऊंच्या देहाची ओळख पटल्याची आणि त्यावर अग्निसंस्कार झाल्याची नोंद आहे. म्हणजे प्रत्यक्षाला जवळचा पुरावा होता. तरीही पुण्यात तो सर्वांच्या पचनी पडला नाही. पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत वैधव्य स्वीकारले नाही. विश्वास पानिपतात गेला असे आपण म्हणतो, पण एक विश्वास मागे उरला होता. मग भाऊ म्हणवणारा एक माणूस पुढे आला, आणि १७७६ मध्ये, म्हणजे पानिपतानंतर पंधरा वर्षांनी, त्याच्या नावाने कोकणात बंड उभे राहिले. तो पकडला गेला, पुण्यात त्याची चौकशी झाली आणि त्याला देहान्त शासन मिळाले. मराठी रंगभूमीने न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’मुळे हे प्रकरण स्मरणात ठेवले आहे.

गंडमच्या कथेत हाच तोतया हजर आहे. हारुतोशी फुकुई यांची ‘युनिकॉर्न’ ही कादंबरीमालिका २००७ ते २००९ या काळात आली आणि तिचे चित्ररूप २०१० ते २०१४ या काळात. मालिकेच्या स्वतःच्या कालगणनेत अ‍ॅक्सिसच्या लढाईला तीनच वर्षे लोटलेली आहेत. झिऑनच्या उरल्यासुरल्या सैनिकांचा नेता आता फुल फ्रंटल नावाचा एक मुखवटाधारी आहे. त्याचा आवाज, त्याचा चेहरा, त्याच्या यंत्राचा तांबडा रंग, सगळे शारचे. तो शार नाही. शारची जागा भरण्यासाठी घडवलेला माणूस आहे. सैनिकांना हे उमगत नसेल असे नाही. त्यांना मागे चालायला एक नाव हवे आहे. शेवटच्या भागात शार आणि आमुरो यांचे आत्मे निरोप घेताना दिसतात. ‘गेले’ म्हणणाऱ्यांना हा निर्णायक पुरावा वाटतो. ‘बेपत्ता’ म्हणणारे उत्तर देतात, की हा दुसऱ्या लेखकाचा हात आहे, आणि मूळ लेखकाने जे उघडे ठेवले ते बंद करण्याचा त्याला अधिकार काय? गंमत अशी, की शार हे नावही उसने आहे. मूळचा कास्वाल देइकुन. यासुहिको यांच्या ‘द ओरिजिन’ या चित्रकथेत तो मेलेल्या खऱ्या शार अझ्नाबलचे नाव घेऊन वावरतो. ज्याची वाट पाहायची तोच मुळात तोतया आहे.

या समांतरतेला मर्यादा आहे. भाऊंच्या मृत्यूचे एक सत्य होते. कागदपत्रे त्याच्यापर्यंत पोहोचोत वा न पोहोचोत, पानिपतावर काही तरी एक घडले होते. आमुरोच्या बाबतीत असे सत्य नाहीच. नाइट्सचा नियम या मर्यादेपर्यंत खरा आहे आणि तो मी सोडू इच्छीत नाही. परंतु ‘बेपत्ता’ ही कोटी कल्पनाविश्वाने निर्माण केलेली नाही; ती युद्धाची आहे. सात वर्षे ज्याचा ठावठिकाणा लागला नाही तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर, हा १८७२ च्या पुरावा कायद्यातला नियम २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही कायम ठेवला आहे. देह हाती न लागलेल्यासाठी धर्मशास्त्राने पालाशविधी सांगितला. कायदा आणि शास्त्र दोघांनाही जी जागा भरावी लागली, तीच जागा रिकामी ठेवून तोमिनोंनी आपली युद्धकथा संपवली. तिच्यासमोर बसलेला प्रेक्षक मग तेच करू लागतो, जे वाट पाहणारी घरे करीत आली आहेत.

त्या भांडणाच्या वेळी वर्गातील एक विद्यार्थिनी बराच वेळ गप्प होती. ती सातारा जिल्ह्यातली. तिचे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर इटलीत गेले आणि १९४४ मध्ये बेपत्ता झाले. इटलीत पडलेल्या आणि ज्यांच्या कबरी वा चिता ठाऊक नाहीत अशांची नावे कॅसिनो येथील स्मारकावर कोरलेली आहेत. तिच्या घरच्यांना त्याचा पत्ता अलीकडे लागला, आणि नाव त्यावर आहे. पणजी तोवर गेली होती. ती जिवंत असेपर्यंत कुंकू लावीत असे. भिंतीवरच्या पणजोबांच्या तसबिरीला आजही हार नाही. नाव सापडल्यावर तो घालायचा का, यावर घरात दोन मते आहेत. ‘ते गेले हे सगळ्यांना माहीत आहे, मॅडम,’ ती म्हणाली. ‘हार कोणी घालायचा, एवढंच ठरत नाही.’

तिच्या बोलण्यानंतर मला त्या चाहत्यांच्या वादाचे स्वरूप वेगळे दिसू लागले. त्यांतल्या बहुतेकांना आमुरो परत येणार नाही हे ठाऊक आहे. प्रश्न आहे तो ही नोंद कोणी करायची याचा: मूळ दिग्दर्शकाने, नंतरच्या लेखकाने, हक्क आणि खेळणी विकणाऱ्या कंपनीने, की ज्यांनी ती पात्रे इतकी वर्षे मनात सांभाळली त्यांनी? या प्रश्नाच्या पोटात दुसरा आहे, तो अर्थाचा. ते दोघे वाचले असतील तर त्या प्रकाशाची किंमत कोणीच मोजली नाही. गेले असतील तर परस्परांना समजून घेण्याची शक्यता ज्यांच्यात होती तीच दोन माणसे त्यात खर्ची पडली. ‘पात्राचे पुढे काय झाले?’ हा प्रश्न संहितेबाहेरचा दिसतो. प्रत्यक्षात तो संहितेने मागे ठेवलेल्या ऋणाविषयीचा आहे. बाजार या ऋणाची फेड तोतयाने करू पाहतो. शारच्या धर्तीचा मुखवटाधारी नंतरच्या कितीतरी मालिकांत अवतरला आहे, आणि तो लोकप्रियही होतो. ‘बेपत्ता’ म्हणणाऱ्यांचा हट्ट मला म्हणून मोलाचा वाटतो: खऱ्याची जागा रिकामी ठेवली, तरच खोटा ओळखू येतो.

या मालिकेत नेमके उलट उदाहरणही आहे. तोमिनो यांच्या १९८९-९० मधील तीन खंडांच्या कादंबरीत हॅथवे नोआ या तरुण बंडखोराला गोळ्या घालून देहदंड दिला जातो, आणि त्या शिक्षेशी त्याच्या सेनाधिकारी पित्याचेच नाव जोडले जाते. येथे देह आहे, साक्षीदार आहेत, शंकेला जागा नाही. २०२१ मध्ये या कथेवरील चित्रपटत्रयीचा पहिला भाग आला, आणि छापील मरण पडद्यावर तसेच ठेवले जाईल का, यावर चाहते दोन तट करून भांडू लागले. पुरावा पूर्ण असतानाही वाद होतो, कारण येथे तक्रार पुराव्याविषयी नसून न्यायाविषयी आहे. व्यक्तिरेखेचा सिद्धान्त शिकवताना हे दोन वाद शेजारी ठेवून पाहावेत असे मला वाटते. एकात मरणाचा दाखला मागितला जातो, दुसऱ्यात मिळालेला दाखला नाकारला जातो. त्रयी पूर्ण होईल तेव्हा तिच्या शेवटी देह दाखवला आहे की नाही, आणि आज्ञेवर सही कोणाची आहे, या दोन गोष्टी मी आधी पाहीन.