डब्याबाहेरचा ऐवज

आगाशीला दादाचा फोटो स्टुडिओ आहे. तिथे लग्नं दोन प्रकारची: पैसे चुकते झालेली आणि राहिलेली. दोन्ही प्रकारची लग्नं, शिवाय मुंजी, बाप्तिस्मे, साखरपुडे, क्रिकेटचे सामने आणि एका पतपेढीचा रौप्यमहोत्सव असं सगळं काउंटरखालच्या एका काळ्या डब्यात नांदत होतं. कंपनीच्या भाषेत ते नेटवर्क स्टोरेज. दादाच्या भाषेत डबा. आत चार टीबीच्या चार डिस्का, मागून एक वायर राउटरला. स्टुडिओतला कुठलाही कॉम्प्युटर उघडा, अर्धी वसई समोर हजर.

पावसाळ्याच्या तोंडावर डबा गेला. निळा दिवा लुकलुकत राहिला आणि त्यापुढे काहीच होईना. अडॅप्टर बदलला, डिस्का काढून नुसता डबा चालू करून पाहिला, तरी तेच. झाकण उघडलं तेव्हा सर्किटच्या कडेला हिरवट थर दिसला. अर्नाळ्याचा किनारा इथून हाकेवर. खारा वारा खिडकीच्या गजांना सोडत नाही, तो तांब्याला काय सोडणार? त्यात पहिल्या वाऱ्यापावसात लाईटचं येणं-जाणं. डबा इतकी वर्षं टिकला हेच पुष्कळ.

दादा खुर्चीत बसून राहिला. “अगं, सगळी लग्नं गेली.”

“दादा, डबा गेलाय. लग्नं आहेत.”

त्याला ते पटलं नाही, आणि त्यात त्याची चूक नव्हती. 2018च्या जुलैत नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या, तेव्हा त्याने सगळ्यात आधी हा डबा माळ्यावर चढवला होता. त्यावर धूळ बसू नये म्हणून वहिनीने शिवलेलं कापड होतं. जपला तो डबा. आतल्या डिस्का त्याने कधी हातात घेतल्याही नव्हत्या.

जुन्या फायलींना गिऱ्हाईक कुठून येतं, हे स्टुडिओवाल्याला विचारावं. लग्न झालेलं जोडपं सहसा परत येत नाही. येतात ते घरात कुणी गेल्यावर. पेपरात द्यायला, श्रद्धांजलीच्या बॅनरवर लावायला फोटो हवा असतो. आधार कार्डावरचा चेहरा कुणालाच आपल्या माणसाचा वाटत नाही. मग कुणाला तरी आठवतं की अमक्याच्या लग्नात काका छान दिसत होते. बॅनर संध्याकाळपर्यंत लागायचा असतो. त्या घाईच्या वेळी दादा त्या घरासाठी भटजी आणि फादर यांच्या बरोबरीचा माणूस असतो.

नवा डबा आणायला लॅमिंग्टन रोडला गेले. त्याच कंपनीचा घेतला, आणि जुन्याच्या डिस्का नव्यात चालतात ना, हे कंपनीच्या यादीत पाहून घेतलं. इथे अंदाजाने खरेदी करू नये. दादरहून विरार फास्टमध्ये चढले. रिकामा डबा वजनाला हलका, पण खोका मोठा. “वर टाका ना तो,” म्हणून दोघींनी तो हातोहात रॅकवर पोचवला. आत काही नाही म्हणून मीही निर्धास्त होते.

नालासोपारा आलं की मला त्या दुसऱ्या डब्यांची आठवण होते. स्टेशनच्या पश्चिमेला बुरुड राजाचा कोट म्हणतात तो स्तूप आहे. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला, तेव्हा मधोमध दगडी पेटी सापडली. तिच्यात तांब्याचा करंडक, भोवती बुद्धांच्या आठ काशाच्या मूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा, त्याच्या आत दगडाचा, मग स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय? मातीच्या भांड्याच्या चिमुकल्या खापऱ्या. बुद्धांच्या भिक्षापात्राचे ते तुकडे, अशी श्रद्धा. आज तो ऐवज मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहे. नालासोपाऱ्यात स्तूप उरला. त्याच्या पोटातलं घर बदलून गेलं. त्या करंडकांची कारागिरी थोर आहे, पण माझं मन दरवेळी अडकतं ते खापऱ्यांत. एवढं सोनं-स्फटिक भोवती, आणि कुणाला त्याचं काही पडलेलं नाही.

आगाशीला पोचल्यावर काम सोपं होतं, म्हणूनच ते सावकाश केलं. डबा बंद, वायर काढलेली. दादाने मार्करने प्रत्येक ट्रेवर आकडा घातला, मग डिस्कवरही तोच. ट्रे ओढला की डिस्क बाहेर येते: थंड, पुस्तकाएवढी, हाताला अपेक्षेपेक्षा जड. पाठीवर एक बारीक छिद्र असतं आणि ते झाकू नका अशी सूचना. आतली तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेते आणि वाचणारं टोक तिच्यावर काही नॅनोमीटरवर तरंगतं. त्या फटीत हवा लागते. ती या छिद्रातून, गाळून, आत जाते. म्हणजे आगाशीचा वारा इथेही पोचतोच. दादाने छिद्राकडे बराच वेळ पाहिलं.

पण खरी गंमत अशी की यातली एक डिस्क घेऊन कुठे लावली तर तीत एकही लग्न सापडायचं नाही. प्रत्येक फाईल तुकड्यातुकड्यांनी चौघींवर वाटलेली. सोबत एक हिशेबाचा तुकडा, तोही आळीपाळीने चौघींकडे. एखादी डिस्क गेली तर उरलेल्या तिघींवरून तिचं सगळं पुन्हा मांडता येतं. त्या बदल्यात सोळापैकी चार टीबी सोडावे लागतात. या वाटणीला रेड म्हणतात. ही कल्पना 1988मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी शोधनिबंधात मांडली. आमच्यासारख्या डब्यांत प्रत्येक डिस्कवर ही नोंदही असते की आपण कुठल्या संचातल्या, आणि त्यात आपला नंबर कितवा. त्यामुळे क्रम हुकला तरी त्या सहसा एकमेकींना ओळखतात. तरीही आकडे घालावेत. विरारला अकरा महिन्यांचा करार संपला की टेंपो भरणारी माणसं खोक्यांवर “स्वयंपाकघर” लिहितातच, सामान स्वतःचं असलं तरी.

नवा डबा चालू केला. चारही डिस्का एकामागून एक फिरू लागल्या, आणि दिवा नारिंगी. दादा दचकला. नारिंगी म्हणजे बिघाड नव्हे. डबा विचारतोय, या डिस्का दुसऱ्या घरच्या दिसतात, काय करू? पडद्यावर दोन पर्याय आले. एक: माहिती ठेवून इकडे आणा. दुसरा: सगळं नव्याने बसवा. दोन्ही बटणं शेजारी-शेजारी, एकाच आकाराची. ज्या कुणी ती अशी ठेवली, त्याच्या घरचं लग्न त्यात नसणार. दादाला मी ओळन् ओळ मोठ्याने वाचायला लावली आणि मग पहिलं बटण त्यानेच दाबलं.

थोड्या वेळाने फोल्डर उघडले. रौप्यमहोत्सवही आला. दादाने चहा मागवला, आणि मी नको तो विषय काढला: चार डिस्का म्हणजे दुसरी प्रत नव्हे. चोरी, आग, पाणी, किंवा चुकून दाबलेलं डिलीट, यांतलं काहीही चौघींना एकदमच लागतं. त्यानंतर एक मोठी सुटी डिस्क आली. तिच्यात सगळी प्रत उतरवून ती विरार पूर्वेला वहिनीच्या भावाकडे, तिसऱ्या मजल्यावर ठेवली. दर महिन्याला ती आणायची, भरायची, परत पोचवायची. दादा कुरकुरतो, पण नेतो.

डबा लागला आणि नंदाखालहून फोन आला. वडील गेले, फोटो हवा, शक्यतो हसरा. पुतणीच्या लग्नातले पपा. दादाने सबंध व्हिडिओ पुढे-मागे पळवला. गृहस्थ कॅमेऱ्यापासून पळणाऱ्यांतले. मिरवणुकीत बँडच्या मागे, स्टेजवर कुणाच्या तरी खांद्याआड. सापडले ते थेट जेवणाच्या टेबलावर, तोंड भरलेलं, वाढणाऱ्याला हाताने ‘पुरे’ म्हणताना हसलेले. दादाने हात कापला, गालाचा फुगवटा तसाच ठेवला आणि फोटो पाठवून दिला. पाच मिनिटांत उत्तर आलं: हाच हवा होता, पण मागचा पाण्याचा पिंप काढता येईल का?