बोटांच्या बेचकीत

आमच्या पवनी तालुक्यात जुलै म्हणजे रोवणी. पऱ्ह्यांच्या पेंड्या बांधीत फेकलेल्या असतात, बायकांची रांग वाकून लावत लावत मागे सरकते, आणि सकाळी पाण्यात गेलेला पाय जेवणापुरता धुऱ्यावर येऊन पुन्हा संध्याकाळपर्यंत चिखलात. गोसीखुर्दचं पाणी पोचलं तिथे उन्हाळी धानही होऊ लागलं, म्हणजे पाय वर्षातून दोनदा भिजतात. बोटांमधल्या चिखल्या आम्ही दुखण्यात धरतच नाही. रात्री मेंदीचा पाला वाटून भरायचा आणि सकाळी केशरी बोटं घेऊन पुन्हा बांधीत उतरायचं.

माझा डावा पाय घोट्याशी सुजायचा. आधी रात्रीतून सूज उतरायची, मग उतरेनाशी झाली. पैंजण काढून ठेवलं. गावात असे पाय काही कमी नव्हते, त्यामुळे कुणी विचारलंही नाही.

मग एका रोवणीत, भर दुपारी धुऱ्यावर बसले असताना हुडहुडी भरली. जांघेत अवधान आलं. नडगी लालबुंद, हात लावला तर चटका बसावा इतकी तापलेली, आणि पातळाचा काठ टेकला तरी कळ. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. पलीकडच्या गावात एक जण ब्लेडने घाण रक्त काढतो, त्याच्याकडे न्यायचं घाटत होतं. नवऱ्याने कुणाशी वाद घातला नाही, गाडी सरळ सरकारी दवाखान्याकडे घेतली.

पातळ गुडघ्यापर्यंत धरून मी सूज दाखवत होते, आणि डॉक्टरबाईंनी मात्र शेवटची दोन बोटं फाकवली. आत कातडी पांढरी, भिजून फुगलेली, मधोमध चिरलेली. "ताप इथून शिरला," त्या म्हणाल्या.

पुढे त्यांनी जे सांगितलं ते मला पचायला वेळ लागला. हत्तीरोगाचा जंत लसिकावाहिन्यांत राहतो, तिथे वर्षानुवर्षं जगतो आणि त्या वाहिन्या कायमच्या बिघडवतो. त्यांतलं पाणी पायातच साचतं. असा पाय जंतुसंसर्गाशी झगडू शकत नाही. एखादी चीर, काट्याचा ओरखडा, नखाशेजारची जखम पुरते. साधे जिवाणू आत शिरले की ताप, आणि प्रत्येक तापानंतर पाय आणखी जाड, कातडी आणखी टणक. म्हणजे जंताने सुरू केलेलं काम चिखल्या पुढे नेत होत्या.

आरोग्य खात्याची माणसं रात्री रक्त घ्यायला येत, त्याचं कारणही तेव्हाच कळलं. जंताची पिल्लं दिवसा फुप्फुसांकडच्या रक्तात दडतात आणि रात्री, डास चावायच्या वेळेला, कातडीजवळ येतात. डासाच्या अंगात ती वाढतात हे पॅट्रिक मॅन्सन यांनी 1877 साली चीनच्या अमॉय बंदरात पाहिलं होतं. माझ्या रक्तात मात्र काहीच सापडलं नाही. पाय एवढा आणि रक्त स्वच्छ! असं बहुतेकांचं होतं म्हणे. जंत मरून जातो, बिघाड मागे राहतो. उलट ज्याच्या रक्तात पिल्लं फिरत असतात तो धडधाकट दिसतो, डासांना जंत पुरवत राहतो आणि त्याला पत्ताही नसतो.

हा क्युलेक्स डास घाण पाण्यात वाढतो: तुंबलेली गटारं, संडासाच्या टाक्या. म्हणूनच टाकीच्या पाइपावर जाळी बांधा म्हणून सांगत फिरतात. आम्ही सगळे दोष बांधीच्या चिखलाला देत होतो. जंत दिला घरामागच्या गटाराने, आणि कातडी उघडली बांधीने.

दवाखान्यातून टब, मग, टॉवेल, साबण, मलम मिळालं. पाणी गरम नको, साधंच. साबणाचा फेस हातावर काढून वरून खाली हलकेच फिरवायचा. दगडाने घासायचं नाही. मग पुसणं, आणि खरं काम तेच. टॉवेलाचं टोक प्रत्येक बेचकीत घालून, दाबून पाणी टिपायचं, मग मलम. रात्री खाटेच्या पायथ्याखाली विटा. बसल्या जागी टाचा वर-खाली. एवढंच. पाय पूर्वीसारखा झाला नाही आणि होणारही नाही, पण ताप येणं थांबलं.

शहरांत पायांचे वेगळे डॉक्टर असतात असं ऐकते. आमच्याकडे सगळे पाय एकाच बाकावर. माझ्या शेजारी एक आजोबा होते, साखरेचे रुग्ण. टाचेत बाभळीचा काटा मोडला होता आणि चप्पल ओली का लागते म्हणून पाहिलं तेव्हा कळलं. त्यांच्या पलीकडे कुष्ठरोगातून बरा झालेला एक जण मऊ रबराच्या सरकारी चपलांसाठी आलेला. त्या दोघांना दुखत नव्हतं म्हणून ते आले होते, मी दुखतं म्हणून. आजोबा माझ्या पायाकडे बघून म्हणाले, "तुले दुखते तं बरं हाय माय." राग आला होता मला, खोटं कशाला सांगू?

"रोवणीत जाऊ नका," हे सांगणं सोपं. रोवणीची मजुरी ही वर्षातली मोठी कमाई. गमबूट घालून पाहिले, ते चिखलातच राहतात आणि पाय तेवढा वर येतो. शेवटी असं ठरवलं: बेचकीत चीर असेल त्या दिवशी बांधीत उतरायचं नाही. नसेल तर उतरायचं, पण धुऱ्यावर स्वच्छ पाण्याची बादली आणि कोरडं फडकं हवंच. सुरुवातीला बायका हसायच्या.

गोळ्यांची मोहीम आली की आमच्या घरासमोर हमखास वाद होतो. डीईसी आणि अल्बेंडाझोल. शेजारच्या नागपूर जिल्ह्यात 2019 मध्ये त्यांच्या जोडीला आयव्हरमेक्टिन आलं. उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत. गरोदर बायका, दोन वर्षांखालची मुलं, फार आजारी माणसं यांना द्यायच्या नाहीत. बाकी सगळ्यांनी आशाताईसमोर गिळायच्या. पोरं माझ्याकडे बोट दाखवतात: काकू, तुमचा पाय कुठे बरा झाला गोळ्यांनी? मी म्हणते, माझा नाहीच व्हायचा, या तुझ्या पायासाठी आहेत. मागच्या खेपेला बऱ्याच जणांनी गिळल्या. एकाने गुपचूप खिशात टाकल्या, तर आशाताईने त्याला फाटकापासून परत बोलावलं आणि पाण्याचा ग्लास हातात दिला.