बोलायची पाळी

नव्यानं निवडून आलेल्या सरपंच प्रशिक्षणाला येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो : "ताई, सभेत गोंधळ झाला तर काय करायचं?" महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. गावच्या सभेत जिनं कधी तोंड उघडलेलं नाही, अशा बाईलाही त्यामुळे एके दिवशी अध्यक्षांच्या खुर्चीत बसावं लागतं. तिची भीती खरी आहे. तरी मी तिला म्हणते, गोंधळाचं नंतर बघू. आधी सभेत गप्प कोण बसलंय ते ओळखायला शिकू. मोठ्यानं बोलणाऱ्याला आवरणं हे या कामातलं त्यातल्या त्यात सोपं अंग. न बोलणाऱ्याची पाळी आणणं अवघड, आणि माझ्या मते अध्यक्ष लागतो तो त्यासाठीच.

सुरुवात बसण्यापासून होते. सभा शाळेच्या व्हरांड्यात, देवळाच्या सभामंडपात नाहीतर ग्रामपंचायतीच्या आवारात. टेबलाजवळच्या खुर्च्यांवर नेहमीची मंडळी, कडेला वस्तीवरचे लोक उभे, आणि सगळ्यांत मागं, चपलांच्या ढिगाजवळ, बाया. माइक टेबलावर. या मांडणीत कोण बोलणार हे सभा सुरू होण्याआधीच ठरून गेलेलं असतं. म्हणून टेबल भिंतीला लावा, सतरंजीवर गोल बसा, माइक हातोहात फिरू द्या, असं मी सांगते. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना खुर्च्या जरूर द्याव्यात, पण त्या गोलातच. यावर कुरकुर होते. होऊ द्यावी. जागा बदलली की गावाची जुनी उतरंड थोडी तरी हलते, आणि ज्यांना ती हलायला नको असते तेच कुरकुरतात.

दुसरं काम नियमाचं. एकदा बोललेल्यानं बाकीच्यांचं एकेकदा होईपर्यंत थांबायचं, एवढा एक नियम पाळला तरी सभेचा चेहरा बदलतो. मात्र तो अगदी आरंभी, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला घेण्यापूर्वी, सगळ्यांच्या संमतीनं ठरवून घ्यावा लागतो. भांडण पेटल्यावर सांगितलेला नियम कितीही न्याय्य असला तरी कोणावर तरी डूख धरून काढल्यासारखा वाटतो.

विधानसभेत सदस्य एकमेकांकडे तोंड करून बोलत नाहीत, "अध्यक्ष महोदय" म्हणून बोलतात. पुष्कळांना हा नुसता शिष्टाचार वाटतो. पाणीपट्टीवरून दोन भाऊबंद समोरासमोर उभे ठाकले की त्याचं मोल कळतं. "तू तुझ्या नळाला मोटर लावलीस" हे वाक्य "सरपंचबाई, वरच्या आळीत नळाला मोटरी लागतात" असं झालं की त्यातलं काटेरी "तू" गळून पडतं आणि मोटर तेवढी उरते. तिच्यावर चर्चा होऊ शकते. मी नव्या सरपंचांकडून याचा सराव करून घेते : कोणी दुसऱ्याकडे वळून बोलू लागला की "अप्पा, मला सांगा" एवढंच म्हणायचं, शांतपणे, आणि पुन्हा पुन्हा.

मग येतं ते ऐकणं. कोणाचं बोलणं संपलं की त्याचा मुद्दा आपल्या तोंडून पुन्हा मांडायचा आणि तो मान डोलावतो का ते पाहायचं. नाही डोलावली तर परत मांडायचा. विरोधकाचा मुद्दाही त्याच्याइतक्याच ताकदीनं मांडता आला पाहिजे, आणि त्यात आपल्या पदरचं काही घालता कामा नये. ही विद्या मी जितक्यांना शिकवली त्यांना सगळ्यांत जड गेली ती हीच. ज्याचं म्हणणं आपल्याला पटत नाही त्याचं ऐकताना आपण मनात उत्तर जुळवत असतो आणि निम्मं ऐकतच नाही.

अध्यक्षाला स्वतःचं मत असू नये का? असावं, पण ते खुर्चीतून लादू नये. इथं मी नेहमी विठ्ठलभाई पटेलांचं उदाहरण देते. 1925 साली ते मध्यवर्ती विधिमंडळाचे पहिले निवडून आलेले भारतीय अध्यक्ष झाले आणि त्यांनी आपल्या स्वराज्य पक्षाचं काम सोडलं. 1928 मध्ये सरकारनं सार्वजनिक सुरक्षेचं विधेयक आणलं. मतं पडली 61 विरुद्ध 61. अध्यक्षांनी आपलं निर्णायक मत विधेयकाच्या विरोधात दिलं. त्यांचं म्हणणं असं, की इतका असाधारण कायदा ज्याला करायचा आहे त्यानं सभागृहाला पटवून बहुमत मिळवावं. ती उणीव अध्यक्षानं भरून काढायची नसते. बरोबरी झाली की अध्यक्षानं कोणतंही पाऊल पुढं रेटायचं नाही, पटवून देण्याची जबाबदारी मागणाऱ्यावरच ठेवायची. पुढं आपल्या संविधानाच्या अनुच्छेद 100 मध्येही सभापतींनी पहिल्या फेरीत मत द्यायचं नाही, समसमान झाल्यासच द्यायचं, अशी तरतूद झाली.

पण मतदानापर्यंत जाऊच नये यासाठी काय करावं, हे मला गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावानं शिकवलं. तिथं ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीनं होतात. एकाचाही विरोध असेल तर विषय थांबतो आणि पुन्हा चर्चेला येतो. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकारानं तिथं अभ्यासगट सुरू झाले. अभ्यासगटात माहिती गोळा करायची, वाद घालायचा, पण निर्णय घ्यायचा नाही; निर्णय ग्रामसभेचा. सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत 2009 साली मेंढा होतं, त्यामागं हे वर्षानुवर्षांचं बसून बोलणं आहे. समजून घेण्याची बैठक वेगळी आणि ठरवण्याची वेगळी ठेवली, की जिंकण्या-हरण्याची घाई नसताना माणसं मोकळेपणानं प्रश्न विचारतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची कायद्यातली तरतूदही अशीच वापरता येते. बायांचं तिथं एकदा बोलून झालेलं असलं की दुसऱ्या दिवशी माइक हातात धरताना त्यांना धीर येतो.

एक खाचही सरपंचांना दाखवून ठेवते. ग्रामसभेला एकूण मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार हजर लागतात. कोरम भरला नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते. म्हणजे पहिली सभा बारगळू दिली की दुसरीत मूठभर माणसं घरकुलाची यादी मंजूर करू शकतात. जी सरपंच दवंडी, भोंगा, मोबाइल यांतलं काहीही न सोडता लोकांना बोलावते, ती निम्मी सभा तिथंच नीट चालवते. उरलेलं लक्ष "आयत्या वेळचे विषय" याकडे द्यावं. लोक उठू लागल्यावर, घाईघाईत, तिथून काय काय सरकवलं जातं!

कधी कधी एखाद्याला खरोखर आवरावं लागतं. त्याला सगळ्यांदेखत झापू नये. चहाच्या वेळी बाजूला घ्यावं, त्याची तक्रार काय आहे ते पुरतं ऐकावं. बहुतेकदा त्याचा एखादा जुना अर्ज कुठंतरी पडून असतो. एवढं करूनही तो शिवीगाळीवर आला, तर बोलणं तिथंच थांबवावं, कारण सांगावं आणि तसं प्रोसिडिंगमध्ये लिहावं. मग तो कोणाच्या घरचा आहे हे पाहू नये. अध्यक्षाची पत इथं ठरते.

वाचकांना माझी एक विनंती आहे. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात आणि 2 ऑक्टोबरची सहसा त्यांतली एक असते. आपल्या गावच्या सभेला जा, मागं बसा, आणि कोण कितीदा बोललं ते वहीत लिहा. ज्यांच्या नावापुढं काहीच लिहिलं गेलं नाही, त्यांच्या घरी पुढच्या सभेआधी एकदा जाऊन या.