आजोबांचे इंजिन

सोलापुरात उन्हाळ्याची दुपार म्हणजे भट्टीच. अशा एका दुपारी चाळीसमोरील गॅरेजच्या सावलीत एक वृद्ध मिस्त्री दोन मोटारसायकलींपुढे बसला होता. एक जावा, दुसरी येझदी. दोन्ही म्हैसूरच्या आणि एकाच जातकुळीच्या. १९६१ ते १९९६ या काळात तेथील कारखान्यात अशा गाड्या तयार होत. जावाचा सांगाडा, म्हणजे चॅसिस, गंजून चिरला होता. येझदीचा पिस्टन अडकून बसला होता. या टू-स्ट्रोक इंजिनांच्या पेट्रोलात तेल मिसळावे लागते. ते विसरणाऱ्याला क्षमा नाही!

जावा ज्यांची, ते आजोबा आता नव्हते. नातवाला माळरानावरील शर्यतीत उतरायचे होते. म्हणून आजोबांचे इंजिन येझदीत बसवायचे ठरले.

बोल्ट आवळणे सोपे. खरी कसोटी साखळीची! पुढचे व मागचे दातेरी चाक एका रेषेत नसले, तर साखळी उतरते. शेजारच्या मागावरचे सूत ताणून मिस्त्रीने रेषा पाहिली, इंजिन पुन्हा काढले, पातळ पट्टी घातली, पुन्हा बसवले. दिवस कलला.

“मिस्त्रीकाका, आता ही गाडी आजोबांची की दुसऱ्याची?”

“नोंदणीपुस्तकात इंजिनाचा क्रमांक वेगळा, चॅसिसचा वेगळा. आरटीओच्या मंजुरीवाचून रस्त्यावर काढू नकोस, बाळा.”

प्रश्नाचे हे उत्तर नव्हे, हे त्यालाही ठाऊक असावे.

या गाडीत गिअरची दांडीच फिरवून किक मारतात. तिसऱ्या खेपेस इंजिन बोलू लागले. नातवाने मागे वळून पाहिले. आजी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती.