न गेलेली चित्रे

आमच्या घरी पुस्तकांच्या कपाटात अगदी खालच्या कप्प्यात पुठ्ठ्याची एक चपटी पेटी आहे. मूळची ती एका साडीची. गेली कित्येक वर्षे मात्र तीत मुलांनी काढलेली चित्रे आहेत. दिवाळीपूर्वीची आवराआवर सुरू झाली की घरातून प्रश्न येतो, "ही रद्दी अजून किती दिवस ठेवायची?" आणि आम्ही दरवेळी काहीतरी पुटपुटून पेटी पुन्हा जागच्या जागी सरकवतो. ती रद्दी नव्हे हे आम्हांस ठाऊक आहे. ती काय आहे हे सांगण्याचा धीर मात्र आजवर झाला नव्हता. ती बावीस चित्रे इंग्लंडातील एका शाळेत जावयाची होती. ती गेली नाहीत, कारण आम्ही ती जाऊ दिली नाहीत.

आम्ही त्या वेळी माणदेशातील एका माध्यमिक शाळेत चित्रकलेचे शिक्षक होतो. आपल्याकडील शाळांतून चित्रकलेच्या तासास काय प्रतिष्ठा असते हे निराळे सांगणे नलगे. गणिताचा भाग मागे पडला की पहिला बळी चित्रकलेचा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांना बसणारी चार-सहा मुले सोडली, तर बाकीच्यांच्या लेखी तो तास म्हणजे अंमळ विसावा. आम्ही फळ्यावर सुरई आणि दोन आंबे काढावे, मुलांनी ते वहीत उतरवावे, आम्ही त्यांवर लाल शाईने सही करावी, आणि घंटा व्हावी. आमच्या सहीखेरीज त्या चित्रांस दुसरा वाचक नव्हता, आणि आमची सही न पाहताच उमटते हे मुलांनी केव्हाच ओळखले होते.

अशात एके दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितले की, इंग्लंडातील एका शाळेशी आपल्या शाळेची जोडी जमली आहे. दोन्हीकडच्या मुलांनी आपल्या गावाची चित्रे काढून परस्परांस पाठवावयाची, आणि पुढे एक लहानसा चित्रपटही तयार करावयाचा. सुमारे बारा वर्षांपूर्वीची ही गोष्ट. अशा उपक्रमांची तेव्हा सर्वत्र चलती होती. युरोपात २००५ साली सुरू झालेल्या 'ईट्विनिंग'ने असंख्य शाळा परस्परांशी जोडल्या होत्या. कल्पना तशी जुनीच. पहिल्या महायुद्धानंतर ज्युनिअर रेड क्रॉसच्या शाळा देशोदेशी चित्रांचे आणि पत्रांचे संग्रह धाडीत असत. आणि आपल्याकडे व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ साली सुरू केलेली मुलांची चित्रस्पर्धा लवकरच साऱ्या जगातील मुलांची झाली.

वर्गात आम्ही ही वार्ता सांगितली मात्र, तो तास पूर्वीचा राहिला नाही. "सर, तिकडं शेळ्या असत्यात का?" "त्येंना मराठी येत न्हाई, मग चित्र कळंल का?" "आपलं नाव खाली लिवायचं का?" ज्या मुलांनी वर्षभरात एक प्रश्न विचारला नव्हता, त्यांनी त्या एका तासात पन्नास विचारले. घंटा झाली तरी कोणी उठेना. आपले चित्र कोणीतरी खरोखर पाहणार आहे, आणि तो पाहणारा गुण देणारा नाही, एवढ्या एका गोष्टीने हे घडले. आमच्या वीस वर्षांच्या अध्यापनाने जे साधले नव्हते, ते एका न पाहिलेल्या पोराने सात समुद्रांपलीकडे बसून साधले, हे कबूल करावयास आम्हांस तेव्हाही थोडे जड गेले.

आठवड्याभरात चित्रे जमली. त्यांतील एक, शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाचे, पाण्याच्या टँकरचे होते. टँकर कागदाच्या कडेबाहेर गेला होता, आणि त्याच्यापासून निघालेली हंड्या-कळशांची रांग वळसे घेत पार दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पोचली होती. दुसरे एका मुलीचे: एक दार, त्याला कुलूप, आणि उंबऱ्यावर बसलेली म्हातारी. तिचे आईबाप ऊसतोडीला गेले होते. ही चित्रे हाती घेऊन आम्ही काय केले? परक्या लोकांपुढे आपल्या गावाची ही शोभा मांडायची की काय, असे आमच्या मनात आले. आम्ही मुलांस सांगितले, "देऊळ काढा, बैलपोळा काढा, दिंडी काढा. आपली संस्कृती दिसली पाहिजे." मुलांनी निमूटपणे तसे केले. त्यांतही कोठे बैलाचा पाय वाकडा दिसला तेथे आम्ही स्वतः कुंचला चालवला. अशी वीस देखणी चित्रे विलायतेस रवाना झाली, आणि पहिली बावीस या पेटीत आली.

दोन महिन्यांनी तिकडची चित्रे आली. आम्ही राजवाडे आणि गुलाबांचे ताटवे यांची अपेक्षा करीत होतो. निघाले ते असे: पावसाने पुसट झालेली बसची खिडकी, टीव्हीपुढे तोंड उघडे टाकून झोपलेली आजी, एक चाक नसलेली सायकल, दोन घरांच्या मधोमध उभी असलेली एक लहान मुलगी, तिच्या पाठीवर दप्तर. या शेवटच्या चित्राखाली लिहिले होते की, ही आठवड्यातले चार दिवस आईकडे आणि तीन दिवस बापाकडे राहते. सोबतच्या पत्रात एकाने निरागसपणे विचारले होते की, तुमच्या गावी रोज सण असतो का? वर्गात हशा पिकला. तो ओसरल्यावर शेवटच्या बाकावरून आवाज आला, "सर, त्येंनी तर खरंच काढलंय की." त्या पोराच्या स्वरात तक्रार नव्हती. असती तर बरे झाले असते. रागावून तरी तिचे निवारण करता आले असते.

चित्रपटाच्या वेळी आम्ही हात आखडता घेतला. मोबाईल मुलांच्या हाती दिला, आणि विषयही त्यांनीच ठरवावा असे सांगितले. त्यांनी टँकर घेतला. ज्या मुलाने निबंधाचे पान कधी पुरे भरले नव्हते, त्याने कोणते दृश्य कोठून आणि किती वेळ घ्यावयाचे, याची चार पानी यादी केली. घेतलेले काम पाहून मुले आपसांत भांडू लागली, आणि त्या भांडणांतून शिकू लागली. टँकर येतानाचे दृश्य चार वेळा घेऊनही एकाचे समाधान होईना. त्याचे म्हणणे असे की, टँकर येतो ती गंमत नव्हे, तो येत नाही ती खरी गोष्ट आहे. पण जी गोष्ट येतच नाही ती पडद्यावर दाखवायची कशी? हा प्रश्न चित्रकलेचा होता, आणि आमच्या साऱ्या अध्यापनात तो कधी निघाला नव्हता. अखेर त्यांनी मोबाईल एका दगडावर ठेवला, आणि रिकाम्या हंड्यांची रांग दीड मिनिटभर तशीच टिपली. मधून एक कुत्रे जाते, एका हंड्याची सावली हलके हलके दुसऱ्यावर चढते, दूर कोणीतरी खोकते, इतकेच. आमच्या हाती असते तर तो भाग आम्ही खास कापला असता.

चित्रपट इंटरनेटवरून तिकडे गेला. उत्तरात त्या मुलांनी एक तक्ता पाठवला. चित्रपटातील हंडे त्यांनी एक एक करून मोजले होते, हंड्यात पाणी किती मावते ते पत्राने विचारून घेतले होते, आणि आपापल्या घरी दिवसाकाठी किती पाणी खर्च होते ते शेजारी मांडले होते. त्यावर आमच्या मुलांनी त्यांना हंडा डोक्यावर कसा तोलावा याची कृती सचित्र धाडली. दया करणारे आणि दया स्वीकारणारे असे दोन पक्ष पडण्याची जी भीती अशा जोड्यांत नेहमी असते, ती त्या एका कृतीने आमच्यापुरती तरी दूर झाली.

येथवरची हकीकत वाचून कोणी म्हणेल की, धडा उघड आहे: मुलांस खरे काढू द्यावे. आम्हांसही तसेच वाटले, आणि त्या भरात पुढच्या वर्षी आम्ही दुसरी चूक केली. नव्या वर्गास आम्ही बजावले, "खरे काढा." एका मुलीने लिंबाला टांगलेला भला मोठा लाल झोपाळा काढला, सभोवती हिरवेगार गवत. आम्ही म्हणालो, "आपल्याकडे एवढे गवत कोठे आहे? दुष्काळ कोठे दिसतो यात?" तिने काही न बोलता कागद उलटा केला, आणि त्या तासास पुन्हा पेन्सिल उचलली नाही. तिचे काय दुखावले ते आम्हांस तेव्हा उमगले नाही. उमगले ते पुढे काही वर्षांनी, एक माहितीपट पाहताना.

तो माहितीपट म्हणजे ब्रायन राइकहार्ट यांचा 'पिक्चर्स फ्रॉम अ हिरोशिमा स्कूलयार्ड' (२०१३). हिरोशिमाची होनकावा शाळा अणुस्फोटाच्या केंद्रापासून अर्ध्या किलोमीटरच्याही आत होती. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी त्या शाळेची सुमारे ४०० मुले आणि त्यांचे शिक्षक मृत्युमुखी पडले. इमारत काँक्रीटची असल्याने भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या, आणि पुढे त्याच जळक्या भिंतींच्या आत वर्ग पुन्हा भरू लागले. इकडे नोव्हेंबर १९४६ मध्ये वॉशिंग्टनच्या वृत्तपत्रात एक छायाचित्र आले: अणुचाचण्यांच्या सांगतेनिमित्त भरलेल्या मेजवानीत एक नौसेनाधिकारी स्फोटाच्या ढगाच्या आकाराचा केक कापीत आहे. त्या शहरातील ऑल सोल्स या चर्चचे धर्मोपदेशक पॉवेल डेव्हिस यांनी त्यावर संतप्त प्रवचन केले. त्याची वार्ता जपानात शिक्षणखात्याचे काम पाहणाऱ्या एका अमेरिकन अधिकाऱ्यापर्यंत पोचली, आणि येथील मुलांपाशी कागद-पेन्सिलीही नाहीत असे त्याने कळवले. तेव्हा त्या चर्चच्या मुलांनी पेन्सिली, रंगखडू, कागद, डिंक असे सुमारे अर्धा टन साहित्य जमवून हिरोशिमास धाडले. होनकावाच्या मुलांनी त्या खडूंनी चित्रे काढून उलट भेट पाठवली.

ती चित्रे पडद्यावर येण्यापूर्वी आम्ही मन घट्ट केले होते. राख, सांगाडे, काळा पाऊस, असे काही पाहावे लागणार! आणि समोर आली ती चेरीची फुललेली झाडे, हसती मुले, खेळ, निळे आकाश. ज्यांच्या भोवती काळ्या भिंतींखेरीज काही उरले नव्हते त्या मुलांनी हाती आलेल्या पहिल्या रंगखडूंचा उपयोग असा केला होता. ते चित्र खोटे म्हणण्याची आमची छाती झाली नाही. त्या क्षणी लाल झोपाळा आठवला. पहिल्या वर्षी आम्हांस गावाची अब्रू हवी होती म्हणून टँकर नको होता, दुसऱ्या वर्षी गावाचे दुःख हवे होते म्हणून झोपाळा नको होता; दोन्ही वेळी काय पाठवायचे हे आम्हीच ठरवीत होतो. पलीकडच्या मुलास काय सांगावे हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. त्याचमुळे त्या तासास मुले घंटेनंतरही बसून राहिली होती, आणि तेच आम्ही दोनदा त्यांच्या हातून काढून घेतले. चित्रपटाच्या वेळी ते त्यांच्या हाती राहिले, हा आमच्या शहाणपणापेक्षा आमच्या शरमेचा प्रताप.

होनकावाची चित्रेही कित्येक दशके वॉशिंग्टनमध्ये पेटीत पडून होती. पुढे ती जपून दुरुस्त करण्यात आली, आणि २०१० साली प्रदर्शनासाठी पुन्हा हिरोशिमास गेली. ज्यांनी ती मुलपणी काढली त्यांतील काही वृद्धांनी ती तेथे पुन्हा पाहिली. माहितीपटाचा तो भाग आम्ही कपाटाकडे पाठ करून पाहिला, हे येथे सांगून टाकतो.

आमच्या शाळेची जोडी तिसऱ्या वर्षी सुटली. तिकडच्या शिक्षिका दुसरीकडे गेल्या, इकडचे मुख्याध्यापक निवृत्त झाले, आणि पत्रे थांबली. अशा जोड्या बहुधा दोन माणसांच्या हौसेवर उभ्या असतात. ती माणसे गेली की संपतात. त्याचे दुःख आम्हांस फारसे नाही. दुःख पेटीचे आहे.

गेल्या वर्षापासून आम्ही ती चित्रे ज्याची त्यास परत करू लागलो आहोत. टँकरवाला मुलगा आता वडूजला दुचाकी दुरुस्तीचे दुकान चालवतो. आम्ही चित्र पुढे केले तेव्हा त्याने तेलकट हात पुसले, कागद उजेडात धरला आणि बराच वेळ पाहून म्हणाला, "सर, रांगेत आई आहे बगा माजी. ही, तिसरी." एवढ्या वर्षांत ते चित्र आम्ही कितीदा उघडले असेल, पण त्या रांगेत कोणी माणूस आहे असे आमच्या कधी ध्यानातच आले नव्हते. हंडेच दिसले होते. त्याने ते दुकानात, हिशेबाच्या वहीच्या वर, चिकटवून टाकले.

तेरा चित्रे अशी मार्गी लागली. नऊ अद्याप पेटीत आहेत. कुलूपाचे दार काढणारी ती मुलगी लग्न होऊन कोठे गेली, याचा तपास चालू आहे.