दाबाचा हिशेब

वऱ्हाडच्या माणसाला 'प्रेस' हा शब्द नवा नाही. खामगावला १८७० मध्ये रेल्वे आली आणि रुई दाबून गाठी बांधणारे कारखाने या मुलखाच्या ओळखीचा भाग झाले. फुगीर, हलकी रुई यंत्राच्या जबड्यात जाते आणि १७० किलोची टणक गाठ होऊन बाहेर पडते. एवढा मोठा दाब माणूस रोज हाताळतो, म्हणूनच कदाचित त्याची भीती मोडते.

साखरखेर्ड्याच्या एका वेल्डिंगच्या दुकानात याचा प्रत्यय आला. तेथला तरुण कारागीर मोठा गुणी. बर्फाळ देशांतील हौशी मंडळी बर्फावरून घसरण्याच्या लांब पट्ट्या, म्हणजे स्की, घरीच कशा बनवतात याची चित्रफीत त्याने पाहिली होती. साखरखेर्ड्यात बर्फ कुठला! पण त्याच रीतीने लाकडाचे पातळ थर चिकटवून खुर्च्यांच्या वळणदार पाठी करता येतील, हे त्याने अचूक हेरले होते.

रचना सोपी. वर आणि खाली लोखंडी गर्डर, बोल्टांनी एकमेकांना जखडलेले. मध्ये साचा, त्यावर लाकूड, काचतंतूंचे कापड आणि रेझिन यांचे थर, त्यांवर आग विझवण्याच्या होजपाइपची, टोके बंद केलेली चपटी नळी. नळीत हवा भरली की थर साच्यावर सारखे दाबले जातात.

"फादर, फक्त चार किलो हवा भरायची. ट्रकच्या चाकात याहून जास्त असते," तो म्हणाला.

त्याचे बोलणे खोटे नव्हते, अपुरे होते. चार किलो ते दर चौरस सेंटिमीटरला. नळी १८० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद, म्हणजे ५,४०० चौरस सेंटिमीटर. गुणाकार झाला २१,६०० किलो. कापसाच्या सव्वाशे गाठींचे हे वजन गर्डरांना एकमेकांपासून दूर लोटणार! टायरला चहूबाजूंनी धाग्यांचे आणि तारांचे वेष्टन असते. येथे सारी भिस्त काही बोल्टांवर आणि वेल्डिंगच्या सांध्यांवर. बंदिस्त द्रवाचा दाब सर्वत्र सारखा पोहोचतो, हे सांगणाऱ्या पास्कालचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये निघाला. त्याच तत्त्वावर ब्रामाने १७९५ मध्ये पाण्याच्या प्रेसचे पेटंट घेतले. अल्प बळातून प्रचंड बळ उभे राहते, हे त्या तत्त्वाचे वरदान आहे आणि धोकाही.

त्याने कागद निरखून पाहिला. मग एका जाणत्या अभियंत्याला आराखडा दाखवला आणि त्याच्या सांगण्यावरून पहिली चाचणी हवेने न करता पाण्याने केली. पाणी जवळजवळ दबत नाही. काही तुटले की त्याचा दाब क्षणात ओसरतो. दाबलेली हवा मात्र ताणलेल्या स्प्रिंगसारखी असते. सुटली तर लोखंडाचे तुकडे भिरकावते. नळीतली सारी हवा आधी काढून, टप्प्याटप्प्याने सहा किलोपर्यंत, म्हणजे कामाच्या दाबाच्या दीडपट, जायचे ठरले होते. तीन किलोलाच 'कट्' असा आवाज झाला, एक सांधा उकलला, काटा खाली आला आणि जमिनीवर थोडे पाणी सांडले. एवढेच झाले. त्याच टोकाशी त्याचा धाकटा भाऊ एरवी काम करीत असे. दोघे बराच वेळ काही बोलले नाहीत.

सांगाडा नव्याने, अधिक जाड लोखंडाचा बांधला गेला. दाब नियंत्रित करणारे रेग्युलेटर आले, ठरलेल्या दाबापलीकडे आपोआप हवा सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह आला, हवा भरण्याचा कॉक भिंतीपलीकडे गेला. नळीच्या टोकांसमोर कोणी उभे राहायचे नाही, दाब असताना बोल्टला पाना लावायचा नाही, रेझिन हाताळताना हातमोजे आणि मोकळी हवा हवीच, असे नियम ठरले.

आपल्या स्वयंपाकघरातील कुकरलाही सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. गृहिणी त्याकडे दुर्लक्ष करीत नाही. घरातील मुले काही नवे बांधू पाहतात तेव्हा 'नको' म्हणणे सोपे असते, आणि 'कर' म्हणणे त्याहून सोपे. त्यांच्याजवळ बसून गुणाकार मांडायला मात्र वेळ द्यावा लागतो. तो वेळ वडीलधाऱ्यांनी द्यावा. कारण यंत्र बांधणारा आपल्या धाडसाची किंमत जाणून असतो. त्याच्या शेजारी विश्वासाने उभा राहणारा ती जाणत नसतो.