मेसचे ताट आणि मूळ रक्कम

आपला समाज देत नाही, असे म्हणणाऱ्याने एकदा कोराडीला यावे. पगार झाला की आठवडाभर आमच्या वस्तीत पावती पुस्तके फिरत असतात. जयंतीची वर्गणी, विहाराच्या रंगाची वर्गणी, दीक्षाभूमीवर येणाऱ्या बांधवांच्या भोजनदानाची वर्गणी. पॉवर हाऊसमधला कंत्राटी कामगारसुद्धा खिसा चाचपून पन्नासाची नोट काढतो. ही वर्गणी खर्चण्यासाठीच असते. एप्रिलमध्ये जमते, मे उजाडायच्या आत संपते, आणि त्यात गैर काही नाही. मला आज लिहायचे आहे ते न खर्चायच्या पैशाविषयी.

माझे पती भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून १९७१ साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात शिकायला गेले. (त्या शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे.) नागपूर जवळ असताना इतक्या लांब का, तर गावच्या गुरुजींनी सांगितले होते की ते बाबासाहेबांचे कॉलेज आहे आणि तिथे राहायची सोय होते. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ सुरू केले आणि १९५० ला औरंगाबादचे कॉलेज. खेड्यातल्या पोराला नुसते कॉलेज मिळून भागत नव्हते. शहरात भाड्याची खोली मागायला गेले की आधी जात विचारली जायची. म्हणून नागसेनवनात वर्गाइतकीच किंमत वसतिगृहाच्या खाटेला होती. आमच्या ह्यांना तिथले कोणते धडे आठवतात ते मला माहीत नाही. पण कोणाचे मेसचे बिल थकले की इतर मुले दोन-दोन रुपये काढून त्याचे ताट चालू ठेवत, हे त्यांनी मला शंभर वेळा सांगितले आहे.

कोराडीच्या वीज केंद्राचा पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला. त्यानंतर भरती झालेल्यांत वसतिगृहात वाढलेली पोरे पुष्कळ होती. कोणी मिलिंदचे, कोणी नागपूरच्या बोर्डिंगमधले. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले, त्या संध्याकाळी आमच्या क्वार्टरमध्ये अकरा जण जमले. पेढे झाले, रडणे झाले. मग कोणीतरी आग्र्याच्या भाषणाचा विषय काढला. १८ मार्च १९५६ चे ते भाषण, शिकलेल्यांनी पगाराचा विसावा भाग समाजासाठी काढावा असे सांगणारे, आपल्यात सर्वांना ठाऊक आहे. विसावा भाग कोणालाच झेपण्यासारखा नव्हता. ज्याच्या-त्याच्या मागे गावाकडचे भाऊ, बहिणींची लग्ने. दरमहा दहा रुपये ठरले. हिशेब माझ्याकडे आला, कारण पुरुषांची शिफ्ट बदलत असे आणि मी घरी असे. मी एकच अट घातली: पैसे डब्यात राहणार नाहीत, बँकेत तिघांच्या नावे राहतील, आणि वर्षातून एकदा पासबुक सगळ्यांसमोर वाचले जाईल.

दहाचे पन्नास झाले, पन्नासाचे शंभर. अकराचे पंधरा झाले. आज ती रक्कम साडेचार लाखांच्या घरात आहे.

आता घरातल्या बायांना कळेल असा हिशेब मांडते. सात टक्के व्याज धरले तर साडेचार लाखांचे वर्षाला ३१,५०० रुपये येतात. एका मुलीच्या मेसचे महिना २,५०० धरले, तर दहा महिन्यांचे २५,००० होतात. उरलेले ६,५०० परत मूळ रकमेत टाकायचे, कारण डाळ-तांदूळ दरवर्षी महागतो आणि मूळ वाढले नाही तर दहा वर्षांनी तेच व्याज अर्ध्या ताटाला पुरेल. म्हणजे दरवर्षी एक मुलगी. फक्त एक! आमच्यातल्या एका भाऊंना हे फार तोकडे वाटते. ते म्हणतात, सगळे पैसे एकदम दिले तर अठरा मुली वर्षभर जेवतील. बरोबर आहे. पण एकोणिसाव्या वर्षी आपले व्याज एकोणिसाव्या मुलीला जेवू घालत असेल, आणि तेव्हा आमच्यापैकी किती जण असतील हे सांगता येत नाही.

तीन वर्षांपूर्वी पारशिवनीकडची एक मुलगी अशीच उभी राहिली. आईवडील मजूर. शिष्यवृत्ती मंजूर होती, पण पैसे हातात यायला मार्च उजाडणार होता आणि मेसवाला जुलैपासून मागत होता. दिवाळीला ती पेटी घेऊन घरी आली ती परत न जाण्यासाठीच. आमचे त्या वर्षीचे व्याज तयार होते म्हणून ती परत गेली. शिष्यवृत्ती बुडाली नव्हती, नुसती उशिरा येणार होती. पण पोटाला उशीर कळत नाही. आपल्या किती मुली नापास न होता शिक्षणातून बाहेर पडल्या, त्याचे कारण मला इथे दिसते.

साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सगळ्या जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले, तेव्हा मुलांना खाऊ घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. त्यागाची गोष्ट म्हणून आपण ती सांगतो. मला मात्र ती वाचताना वाटते की त्या बाईवर ही पाळी यायला नको होती. मूळ निधी असता तर आली नसती.

अमेरिकेत टस्कीगी नावाची काळ्या लोकांची शाळा १८८१ साली सुरू झाली. गुलामीत जन्मलेल्या बुकर टी. वॉशिंग्टन यांनी ती उभी केली. विद्यार्थ्यांनी स्वतः विटा भाजून इमारती बांधल्या. पण १९०३ साली कार्नेगी या धनिकाने सहा लाख डॉलर दिले ते विटांसाठी नाही, तर कायम निधीसाठी. आपल्या पवईच्या आयआयटीत बहुतेक मुले हॉस्टेलवरच राहतात. तिथे १९७३ साली दाखल झालेल्या नंदन नीलेकणींनी २०२३ मध्ये ३१५ कोटी दिले, आणि त्याच वर्षी १९९८ च्या बॅचने पंचवीस वर्षांनी एकत्र येऊन ५७ कोटी. आपल्याकडे कोटी नाहीत, पेन्शन आहे. कोटी उसने आणता येत नाहीत, पण ती रीत आणता येते: पंचविसाव्या वर्षी सगळ्या बॅचने मिळून काहीतरी द्यायचे. आपली जुनी मंडळी एकत्र येतात, जेवतात, फोटो काढतात आणि बसने परत जातात.

आमच्यात सध्या वाद चालू आहे. वरचेच भाऊ म्हणतात, वसतिगृहाला मोठी कमान बांधून देऊ, तिच्यावर पंधराही जणांची नावे. "वहिनी, कमान रस्त्यावरून दिसते. पासबुक कोणाले दिसते?" मी त्यांना विचारले, कमान काय वाढून देते? नाव दिसावे असे वाटण्यात पाप नाही. ज्याच्या बापाचे नाव हजेरीपटाशिवाय कुठे लागले नाही, त्याला ते वाटणारच. पण नाव लावायला भिंतीवर एक साधी पाटी पुरते.

खरी अडचण वेगळी आहे. पंधरापैकी चार जण गेले. खात्यावरच्या तीन नावांपैकी एक त्यांतलेच. असेच आणखी दोघे गेले तर हा पैसा कोणाचा? त्यांच्या वारसांचा की वसतिगृहाचा? तिघांच्या नावचे खाते तिघांच्या आयुष्याएवढेच टिकते. म्हणून आता ही रक्कम धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या, दरवर्षी ऑडिट करून घेणाऱ्या विश्वस्त संस्थेकडे द्यायची, असे माझे म्हणणे आहे. ऑडिटचा अहवाल बघितल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. आणि पैशासोबत लेखी पत्र द्यायचे की ही देणगी कायम निधीसाठी आहे, मूळ रकमेला हात लावू नये, फक्त व्याज मुलींच्या भोजनावर खर्चावे. हे पत्र नसले तर देणगी संस्थेचे साधे उत्पन्न धरली जाते, आणि करमाफीसाठी अशा उत्पन्नाचा पंच्याऐंशी टक्के भाग त्याच वर्षी खर्ची टाकावा, असा आयकराचा सर्वसाधारण नियम आहे. दोन ओळींच्या कागदाअभावी तीस वर्षांची बचत एका वर्षात संपू शकते. हे मला एका लेखापरीक्षकाने समजावले, आणि मी ते वहीत लिहून सगळ्यांना वाचून दाखवले.

पत्राचा मसुदा तयार आहे. अकरापैकी नऊ जणांच्या सह्या झाल्या, गेलेल्यांपैकी तिघांच्या मुलांनीही संमती लिहून दिली. एक जण मुलाकडे पुण्याला आहे. राहता राहिले कमानवाले भाऊ. ते दर रविवारी आमच्याकडे चहाला येतात, शंभर रुपये न चुकता देतात, पावती नीट घडी करून खिशात ठेवतात, आणि सहीचा विषय निघाला की म्हणतात, "पुढच्या रविवारी पाहू."